कोऱ्या पाण्याची वजाबाकी

सोमवार, ता. ४

ही वही मी हौसेने लिहीत नाही. लेकीने धाक घातला म्हणून लिहिते आहे. तिचं म्हणणं असं, की फोनवर मी सगळं ठीक आहे म्हणते आणि ठेवून देते. बाबा पडले हेसुद्धा तिला शेजारच्या वहिनींकडून कळलं. आता या वयात पुन्हा नोकरी धरायचीच असेल तर रोजचं लिहून ठेवायचं, ती आली की वाचणार. नाहीतर दोघांना उचलून स्वतःकडे घेऊन जाणार. तिच्या दोन खोल्यांत पाहुण्यासारखं बसून राहण्यापेक्षा वही बरी. खाडाखोड करणार नाही. रडगाणंही गाणार नाही.

पहिला दिवस छान गेला. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे. लांबट खोली, मोठ्या खिडक्या, दोन खोल सिंक, आणि काचसामान असं लखलखीत की पदवीच्या वर्षाची आठवण झाली. ह्यांच्या आजारपणात घरी बसून माझ्या हातांना गंज चढला होता. आज अंगात एप्रन घातला आणि पाठ आपोआप ताठ झाली.

काम लेकीला कळेल असं लिहिते. साखर पाण्यात विरघळते हे सगळ्यांना माहीत आहे. काही पदार्थ मात्र इतके कमी विरघळतात की कोणीही म्हणेल, विरघळतच नाहीत. ते किती विरघळतात हे नेमकं सांगायचं, हे माझं काम. अशा पदार्थाचा लेप बारीक काचेच्या मण्यांवर चढवतात. मणी उभ्या काचनळीत भरतात, तिला कॉलम म्हणतात. पंपाने त्यातून स्वच्छ पाणी अगदी सावकाश सोडायचं. बाहेर येणारं पाणी बाटल्यांत धरायचं आणि यंत्रात घालून आकडा बघायचा. लागोपाठ पाच बाटल्यांचा आकडा सारखा आला की झालं. याशिवाय एक बाटली नुसत्या पाण्याची ठेवतात. ते कोरं पाणी. बाटलीत किंवा यंत्रात काही मळ राहिला असेल तर तो कोऱ्यात दिसतो. कोऱ्याचा आकडा बाकी सगळ्यांतून वजा करायचा. आमच्या कामातली ही सर्वांत रटाळ गोष्ट.

सध्याचा पदार्थ म्हणजे पांढरी, मेणचट पूड. बाटलीवर नाव नाही, नुसता नमुन्याचा क्रमांक. इथे सगळे त्याला हट्टी म्हणतात. घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर अर्ध्या तोंडाने हसून म्हणाले, मग तुझ्याशी बरं जमेल त्याचं. आजारात बोलणं तुटक झालं, पण टोमणा शाबूत आहे.

कॉलम आधीच्या बाईंनी लावलेला, चालूच आहे. इथली पद्धत अशी, की चालू कॉलम कोणाच्या तरी नावावर असतो. नाव बदलायचं तर कागदावर देणारीची आणि घेणारीची सही लागते. मी पिशवी खाली ठेवायच्या आत बाईंनी कागद पुढे केला. मी सही केली. त्या सिंककडे गेल्या आणि नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ. मग पेल्यात साखर घातली, ढवळली, पेला उजेडाकडे धरून पाहिला आणि उभ्यानेच गटागटा प्यायल्या. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, नोकरी सोडण्याचा आनंद इतका? जाताना म्हणाल्या, ताई, कोऱ्याच्या आकड्याकडे फार बघत बसू नका, नुसता वजा करा.

मला काम शिकवते, मी मनात म्हटलं.

मंगळवार, ता. ५

आमच्या साहेबांना सगळे पारा म्हणतात. एक तर ते सारखे कॉलमचं तापमान बघतात, आणि दुसरं, त्यांचा पारा चढायला वेळ लागत नाही. सकाळी येऊन नियम सांगून गेले: तापमान वीसच्या खाली-वर गेलेलं चालणार नाही, बाटल्यांना उघड्या हाताने स्पर्श नाही, आणि सह्या सगळ्या कॉलम चालवणारीच्या, म्हणजे माझ्या. ते नुसता शिक्का मारतात. मी म्हटलं, बरोबर आहे, जो काम करेल त्याने सही करावी. ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

मण्यांवरचा लेप नीट पाहिला. पांढरा, एकसारखा. इतके दिवस पाणी जाऊनही कुठे उघडा पडलेला नाही. हट्टी खराच.

संध्याकाळी ह्यांना औषध दिलं. गोळी गिळता येत नाही म्हणून डॉक्टरांनी पूड दिली आहे. कोमट पाण्यात विरघळवून चमच्याने भरवायची. झटके येऊ नयेत म्हणून आहे, चुकवायची नाही. दिवसभर वहिनी बघतात. त्या गप्पिष्ट आहेत. हे म्हणाले, तिच्या बडबडीने झटका आला तर औषध कोणाला द्यायचं?

शुक्रवार, ता. ८

पाच बाटल्या जुळल्या. कोरं वजा जाता पाचही आकडे सारखे, केसाएवढा फरक नाही. मग नियमाप्रमाणे पाण्याचा वेग निम्मा केला. पाणी मण्यांशी जास्त वेळ राहिलं म्हणून आकडा बदलतो का, हे बघायचं असतं. बदलला नाही. इतकं देखणं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. पारा खूश. म्हणाले, बाई, तुम्ही आलात आणि हा सुतासारखा सरळ झाला. ज्या कंपनीचं काम आहे ती म्हणते आहे, अजून काही आठवडे चालू ठेवा.

थकले आहे. पण हा चांगला थकवा आहे.

सोमवार, ता. ११

कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी भांडून आले. सकाळच्या चहात साखर तळाशी तशीच राहिली. ढवळून ढवळून चमचा गरम झाला. भेसळ आहे म्हटलं, तर तो म्हणाला, बाई, माझ्या साखरेला नावं ठेवणाऱ्या तुम्ही पहिल्या. तिथेच पेलाभर पाणी मागवून त्याने चमचाभर टाकली आणि मला दाखवली. विरघळली. दोन गिऱ्हाइकं हसत होती. मी निघून आले. माफी मागायला हवी होती, मागितली नाही.

घरी पुन्हा करून पाहिलं. तळाशी. दाणा न् दाणा मोजता यावा इतकी स्वच्छ.

गुरुवार, ता. १४

हात धुवायला गेले, साबणाला फेस येईना. वडी हातात नुसती सरकत राहिली. नळाखालून हात काढले तर कोरडे. पुसावे लागले नाहीत. वय झालं की कातडी कोरडी पडते, असं स्वतःला सांगितलं आणि तेल लावलं.

औषधाची पूड आज पाण्यावर तरंगत राहिली. मी ढवळली, गुठळ्या झाल्या. तशीच भरवली तर ह्यांना ठसका लागला, चेहरा लाल झाला. वहिनी धावत आल्या. त्यांनी आपल्या घरून पाणी आणलं, दुसरी पूड घेतली, दोन वेळा चमचा फिरवला, झालं. म्हणाल्या, अहो, तुमचं मन थाऱ्यावर नाही हो. हे म्हणाले, हिचा हात जड आहे, लग्नापासून. मी हसले. मला हसू आलं नव्हतं.

जेवणात मीठ लागत नाही. वाढून घेतलं तर जिभेवर वाळू.

सोमवार, ता. १८

आज कोऱ्याकडे पाहिलं.

इतके दिवस यंत्रातून आकडे येतात, मी वजा करते, उत्तर मांडते. वजा करायचा आकडा किती, हे कोण बघतं? विद्यार्थीदशेपासून लागलेली सवय. घाण म्हणून बाजूला काढलेल्या गोष्टीकडे मान वर करून बघायचं नाही. आज पंपाला जरा वेळ होता म्हणून माझे सगळे कोरे एकाखाली एक मांडले.

पहिल्या दिवशीचं कोरं शून्य. त्यानंतर रोज थोडं थोडं वर. गेल्या शुक्रवारी कोऱ्यातला हट्टी कॉलमच्या उत्तराइतका, म्हणजे वजा करून उरतो तेवढाच होता. आज त्याहून जास्त आहे. म्हणजे ज्या पाण्याने कॉलम पाहिलेलाच नाही, त्या पाण्यात.

चूक माझीच असणार, म्हणून सगळं धुतलं. नवीन बाटल्या काढल्या, पाण्याचा नवा डबा फोडला. आकडा तोच. खाली पहारेकऱ्याला सांगून त्याच्या हाताने एक बाटली भरून वर मागवली. ती शून्य आली. तीच बाटली माझ्या टेबलावर जेवणाच्या सुट्टीभर राहिली. मग पुन्हा घातली.

आकडा इथे लिहीत नाही. लेकीला रसायनं कळत नाहीत, पण मोठा आकडा कळतो.

पारासाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, वजा केलंत ना? मग उत्तर बरोबर आहे.

बुधवार, ता. २०

ह्यांना झटका आला. सकाळी, चहाच्या वेळी. उजवा हात, जो चांगला होता तो, पलंगाच्या कडेवर आपटत राहिला. मी धरून ठेवला.

डॉक्टर घरी आले आणि मला बोलले. म्हणाले, औषध पोटात जातंय, अंगात जात नाहीये. गुठळ्या जशाच्या तशा बाहेर पडतायत. तुम्ही तर शिकलेल्या आहात. पूड विरघळवायची म्हणजे विरघळवायची, बाई.

मान खाली घातली. आजवर माझी मान कोणासमोर खाली गेली नव्हती.

संध्याकाळी तसराळ्यात पाणी घेऊन त्यात हात बुडवला. पाणी हाताला लागलं नाही. हाताभोवती खळगा करून राहिलं, थोडं अंतर ठेवून. सोवळ्यातल्या बाईसारखं.

गुरुवार, ता. २१

सुट्टी टाकून आधीच्या बाईंकडे गेले. पत्ता पहारेकऱ्याकडे होता. दार त्यांनीच उघडलं. मला पाहून त्यांनी आधी हात पाठीमागे घेतले, जणू मी काही परत द्यायला आले आहे.

चहा केला. स्वतःच्या कपात चमचा फिरवत राहिल्या, साखर केव्हाच विरली होती तरी. मी काही विचारायच्या आत बोलायला लागल्या. ताई, मला सगळं माहीत आहे. मीठ लागत नाही ना? डोळे खरखरतात ना? माझंही तेच झालं होतं. पाण्यात एवढीच जागा असते, ताई, आणि तो ती सगळी घेतो. दुसऱ्या कशाला उरू देत नाही. ज्याच्या नावावर कॉलम, त्याच्या आसपासचं पाणी त्याचं.

मी विचारलं, तुम्हाला हे कोणी दिलं. म्हणाल्या, माझ्या आधीच्या बाईंनी. त्यांना कोणी दिलं, ते विचारलं नाही.

मी म्हटलं, लाज नाही वाटली? माझ्या घरी आजारी माणूस आहे.

म्हणाल्या, ते मला कुठे माहीत होतं. आणि माहीत असतं तरी, ताई, मी सही घेतलीच असती. तुम्ही जिना चढताना मी वरून पाहत होते. देवच वर येतोय असं वाटलं. तुम्हीही द्या कोणालातरी. सही घ्या आणि मोकळ्या व्हा. मग बघा, पाणी कसं अंगाला येतं.

मी चहा टाकून उठले. गोड लागला नसताच.

शुक्रवार, ता. २२

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. आल्या आल्या पंप बंद केला. कागदावर माझ्या नावापुढे रेघ मारली, बंद असं लिहिलं, खाली सही केली. नळी उघडून मणी फेकायचे, संपलं.

मणी निघाले नाहीत. एकमेकांना धरून बसले होते.

मग खालून आरडाओरडा. चहावाल्याशी कोणीतरी भांडत होतं, साखर कुठे आहे म्हणून. आमच्या मजल्यावरही तेच. पारासाहेब कप घेऊन दारात उभे राहिले आणि मी काही बोलायच्या आत त्यांनी कॉलमकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. नुसती भीती होती.

तेवढ्यात वहिनींचा फोन. औषध माझ्या हातूनही विरघळत नाही हो, आमच्या पाण्यातही नाही, समोरच्यांकडून आणलं त्यातही नाही. आणि त्यांचा हात पुन्हा—

पंप चालू केला. नवा कागद, घेणारी म्हणून माझी सही. देणारीची जागा रिकामी.

वहिनींचा फोन पुन्हा आला. विरघळलं, म्हणाल्या. एकदम.

म्हणजे हे असं आहे. कोणाच्या नावावर असला तर त्याच्यापुरता. कोणाच्याच नसला तर सगळ्यांचा.

सोमवार, ता. २५

घरी गेले की घरातलं सगळं पाणी माझं होतं. आता मला ढवळावं लागत नाही, शिवावंही लागत नाही. मी आत असले की पूड तरंगते, बाहेर गेले की विरते. म्हणून औषधाच्या वेळी मी रस्त्यावर उभी राहते. वहिनी खिडकीतून हात हलवतात, मग वर जाते. आज त्यांनी विचारलं, भांडण झालंय का तुमचं.

पण आता वर गेल्यावर भरवलेलंही अंगी लागत नाही असं दिसतं. पोटातलं तेही पाणीच. हे मला बघून हसले आणि हसताना हात थरथरायला लागला. मी मागे सरले. थरथर थांबली.

अंघोळ करते पण भिजत नाही. केस कोरडे. पाणी पिते, घशातून गोटीसारखं उतरतं. तहान तशीच. पापणी मिटली की आवाज येतो.

पारासाहेब म्हणाले, गुरुवारी नवीन बाई येत आहेत, कॉलम त्यांना देऊन टाका. माझ्याकडे न बघता म्हणाले.

मी बरं म्हटलं. खरं लिहायचं तर हायसं वाटलं. त्याहून खरं, आनंद झाला. येणारी कोण, घरी कोण आहे, काही विचारलं नाही. विचारायचं नव्हतं.

बुधवार, ता. २७

उद्या. उद्या एवढ्या वेळेला मी ह्यांच्याजवळ बसलेली असेन. स्वतःच्या हाताने औषध देईन. हात जड म्हणू देत.

पेनातली शाई कागदाला धरत नाही. थेंब होऊन उभी राहते, फुंकर मारली तर घरंगळते. पेन्सिल घेतली.

गुरुवार, ता. २८

आली. तिशीतली. हसरी. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, किती उजेड आहे हो इथे.

कागद काढून ठेवला होता. देणारी म्हणून सही करून. पेन तिच्या हातात दिलं. ती बोलत होती, थांबेना. मूल झाल्यावर पहिलीच नोकरी. बाळ सासूबाईंजवळ ठेवून आली. अंगावरचं दूध लवकरच आटलं, म्हणून डब्यातल्या पुडीचं. पाण्यात कालवून. तेही कसं आवडीने पितं, मुठी वळून—

फोटो दाखवला. मी पाहायला नको होता.

तिने पेनाचं टोपण काढलं.

मी कागद ओढून घेतला. फाटला. काय काय बोलले आठवत नाही. हे काम तुला जमायचं नाही, पदवी कुठून विकत आणलीस, असला गबाळा कारभार इथे चालत नाही, चालती हो. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. गालांवरून घळघळा ओघळलं, ओलं, खरं. मी बघत राहिले.

पारासाहेबांचा पारा चढला. जिन्यापर्यंत माझा आवाज गेला म्हणाले. मी म्हटलं, मग तुम्ही करा सही. हे घ्या पेन.

ते गेले.

आता ह्यांच्याजवळ जाता येत नाही. फोन केला. वहिनींनी त्यांच्या कानाला लावला. म्हटलं, काम आहे, दोन दिवस इथेच राहावं लागेल. हे म्हणाले, हट्टी काय म्हणतो? म्हटलं, ऐकत नाही. हे म्हणाले, मग तूही ऐकू नकोस.

शुक्रवार, ता. २९

लेकीला बोलावलं. का ते विचारलं नाही तिने. मी आजवर कधी बोलावलेलं नाही, म्हणून घाबरली असेल. उद्या पोचते.

वहिनी सांगतात, मी नाही तर सगळं सुरळीत. पुडी टाकली की गुडूप. काल झटका नाही, आज नाही. हात उचलून माशी हाकलली म्हणे.

बरं झालं. उत्तर बरोबर आहे. मला वजा केलं की घर—

फार थकवा. कॉलमसमोर खुर्ची ओढली आहे. मण्यांवरचा लेप जाड झाला आहे. कमी व्हायला हवा होता. इतकं धुऊन जाड.

आज पाच बाटल्या. पाचही सारख्या.

कोरं नाही घातलं.

शनिवार, ता. ३०

लेक आली. फाटकापाशीच थांबवली, वर येऊ दिली नाही. मिठी मारायला धावली, तिच्या हातात पाण्याची बाटली होती. मी ओरडले. अजूनही तुझा आवाज जिन्यापर्यंत जातो, म्हणाली. रडत होती.

कॉलम कोणाला देणार नाही. सोडणारही नाही. जोवर बसवेल तोवर—

नंतर कोणाचं नाव, तो विचार मी करायचा का? सगळं मीच?

आज सकाळी पेला तोंडाला लावला. पाणी ओठांपासून मागे सरलं. पेल्याच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभं राहिलं. माझ्याकडे बघत.

थुंकी नाही. घास उतरत नाही. बोटांना भेगा, पण रक्त येत नाही. रक्त म्हणजेही—

लिहून टाकते. लेकीच्या ताब्यात दिलं ते:

घराच्या किल्ल्या. मागच्या दाराची अडकते, जरा उचलून फिरव.

औषधाच्या पुड्या, डबा भरून. कोमट पाणी. तूच ढवळ. पूर्ण विरलं की मगच चमचा.

डॉक्टरांचा नंबर, डब्याच्या झाकणात. ते बोलले तर ऐकून घे.

ह्यांचा चष्मा. उशी मऊ नको. दुपारी कुशीवर वळवायचं, खिडकीकडे. टोमणे मारतील, तूही मार. गप्प बसलीस तर त्यांना वाटेल खरंच आजारी आहोत.

वहिनी. बोलू दे त्यांना.

साखरेच्या दुकानदाराला सांग, साखर चांगली होती.

ही वही. मागितलीस म्हणून. पहारेकऱ्याच्या हाती देते.

बाबा. मी विचारपूर्वक देत आहे, भांडून नाही. माझं विचारतील. सांग, काम संपलं नाही. सांग, हट्टी—

कॉलम दिलेला नाही.

घेणारी: लेक. या यादीसाठी तिची सही फाटकापाशीच घेतली.

देणारी: